साडेसहाची मोजणी

आमच्या नाते गावात मला सगळे मासेवाली म्हणतात. आता मी जन्मात एक मासा विकलेला नाही, पण सांगणार कोणाला आणि किती वेळा? महाडच्या एका कॉलेजात मागच्या बाजूला लांबट खोली आहे, तिथे मी चौदा वर्षं मासे सांभाळते. झेब्राफिश म्हणतात त्यांना. बोटाच्या दोन पेरांएवढा मासा, अंगावर निळ्या रेघा. सकाळी जाऊन त्यांची अंडी गोळा करायची, पांढरी पडलेली काढून टाकायची, चांगली धुऊन ठेवायची. तीन दिवसांत पिल्लू बाहेर येतं. एवढंसं, आणि काचेसारखं आरपार. भिंगाखाली धरलं तर आत काळीज उडताना दिसतं. शास्त्रात त्यांना अळ्या म्हणतात. मला नाही आवडत. अळी वांग्यात असते. मी पिल्लं म्हणते, आणि मला कोणी सुधारायला जात नाही.

ह्या पिल्लांची हालचाल मोजणं हे आमच्या खोलीचं काम. शेतावर फवारायचं औषध थेंबभर पाण्यात उतरलं तर पिल्लं सुस्तावतात का, बिथरतात का, ते बघायचं. पाच-सहा दिवसांची पिल्लं उजेडात शांत बसतात आणि एकदम अंधार केला की सुसाट पळतात. निरोगी पिल्लाची खूण ती. औषध लागलेलं पिल्लू अंधारातही गपगार पडून राहतं. एवढंच मोजायचं, पण दर वेळी तसंच, त्याच वेळेला मोजायचं.

गेल्या दिवाळीनंतर तेजश्री आली. मूळची पोलादपूरची, पुण्याला पीएचडी करते. बरोबर तिचं यंत्र. काळी पेटी, वर कॅमेरा, खाली डोळ्यांना न दिसणारा लाल उजेड, आणि बाजूला कॉम्प्युटर. चोवीस खळग्यांची प्लेट आत ठेवली, झाकण लावलं, की झालं. पडद्यावर प्रत्येक पिल्लामागे एक रंगीत रेघ निघते. कोण किती पळालं, कुठे थांबलं, कितीदा वळलं, सगळ्याचे आकडे आपोआप. तेजश्री तोवर चहा पिऊन येते.

"मावशी, बघा, चोवीसच्या चोवीस एकदम मोजतंय," ती कौतुकानं म्हणाली.

"बघते की," मी म्हटलं. "आमच्याकडे हे काम एक टकल्या माणूस करायचा."

तो बुद्धरत्न. मी त्याला रतन म्हणायचे, तो मला मैनाबाय. पोलादपूरहून रोज एसटीनं यायचा. आमच्याच खोलीचा एक कोपरा प्लायवूड लावून वेगळा काढला होता, वर छतापर्यंत दोन हात मोकळं. त्या कोपऱ्यात खिडकी नाही. तिथे तो बसायचा. चोवीस खळग्यांच्या प्लेटखाली चौकटी आखलेला पारदर्शक कागद, वर स्टँडला लावलेला, अंधारातही दिसणारा हॅन्डीकॅम, आणि हातात टिकटिक करणारा मोजणीचा डबा. सहा वीसला प्लेटवरचा दिवा बंद. दहा मिनिटं थांबायचं. साडेसहाला मोजणी सुरू. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर एकेका पिल्लाकडे मिनिटभर बघायचं आणि त्यानं किती रेघा ओलांडल्या ते दाबत जायचं. चोवीस पिल्लं, चोवीस मिनिटं. पापणी लवली की गेली एक रेघ. तो लववायचा नाही.

पिल्लू जिवंत आहे की मेलंय हे बघायला दातकोरणीच्या टोकाला एक केस चिकटवतात आणि त्या केसानं शेपटीला हलकं टोचतात. केस माझा असायचा. "मैनाबाय, एक केस दे गो, शास्त्रासाठी," म्हणून डोकं पुढे करायचा. मी म्हणायचे, "तुझा दे." मग त्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवून म्हणायचा, "असता तर मागितला असता?" रोजचं होतं हे. एखाद्या दिवशी त्यानं मागितला नाही तर मलाच चुकल्यासारखं व्हायचं.

नऊ वर्षं मोजलं त्यानं. पावसाळ्यात काम बंद असायचं, कारण लाइटचा भरवसा नाही. बाकी महिन्यातून आठ-दहा संध्याकाळी. अठ्ठावीस वह्या झाल्या. आणि दोन वर्षांपूर्वी एका सकाळी एसटी स्टँडवरच छातीत दुखलं आणि गेला. त्याच्या जागी कोणी आलं नाही. त्या कोपऱ्यात मी खोकी ठेवली. खोटं कशाला बोलू, पहिले सहा महिने मी त्या कोपऱ्याकडे पाठ करूनच काम करायचे.

तेजश्रीला त्या वह्या सापडल्या आणि पोरीचे डोळे चमकले. म्हणाली, "मावशी, नऊ वर्षं एकाच माणसानं, एकाच पद्धतीनं मोजलेलं कुठे मिळतं? ह्यावर मोठा लेख होईल. काकांचं नाव लेखक म्हणून छापून येईल, माझ्या आधी." हॅन्डीकॅमच्या सगळ्या फिती एका डिस्कवर होत्याच. त्या तिच्या यंत्राला दाखवायच्या, यंत्राचे आकडे आणि रतनचे आकडे जुळतात का बघायचं, जुळले की झालं.

ही गोष्ट तिनं रतनच्या मुलीला, श्रुतिकाला, सांगूनही टाकली. श्रुतिका आमच्याच कॉलेजात बीएस्सीला आहे. ती दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आली. "मैनामावशी, पप्पांचं नाव छापणार," एवढंच म्हणाली आणि रडायलाच लागली. मी म्हटलं, "अगं, पेढे देताना रडतात का?" आणि मीही रडले.

पंधरा दिवस यंत्र फिती बघत होतं. मग एके दुपारी तेजश्रीनं मला बोलावलं. चेहरा उतरलेला.

"मावशी, जुळत नाहीये."

"काय जुळत नाही?"

"मार्च, एप्रिल, मे तंतोतंत जुळतंय. इतकं की मला विश्वास बसेना. पण ऑक्टोबर ते फेब्रुवारी, नाही. काकांच्या वहीत लिहिलंय, साडेसहाला पिल्लू चौदा रेघा पळालं. फितीत साडेसहाला ते पिल्लू जागचं हललेलंच नाही. सगळी चोवीस गप्प बसलीयत. दर वर्षी, ऑक्टोबर ते फेब्रुवारी."

"म्हणजे?"

तिनं वही मिटली. मग म्हणाली, "म्हणजे त्यांनी आकडे मनानं भरलेत. थंडीत कंटाळा येत असेल, लवकर घरी जायचं असेल. मला वाईट वाटतंय, पण ह्या वह्या मला वापरता येणार नाहीत. आणि नावही."

माझं डोकंच फिरलं. "कंटाळा? त्याला? लवकर घरी? अगं, तो माणूस सातची एसटी सोडून सव्वाआठच्या गाडीनं जायचा! प्लेट आवरत बसायचा तासभर! मी ओरडायचे त्याच्यावर. तुझं यंत्र कालचं पोर, ते त्याला खोटं ठरवणार?"

"मावशी, यंत्राला काकांशी काय वैर असणार?" ती शांतपणे म्हणाली. तेच मला जास्त लागलं.

मग तिनं पडद्यावर एक आलेख काढून दाखवला. "आणखी एक विचित्र गोष्ट. यंत्र चित्रातला उजेडही मोजतं. त्या महिन्यांत दर संध्याकाळी कधीतरी प्लेटवर एकदम उजेड पडतो. म्हणूनच पिल्लं गप्प बसतात. मला वाटलं, कुठला तरी टायमर बिघडलाय. पण बघा, नोव्हेंबरच्या शेवटी हा उजेड सगळ्यात लवकर येतो, सहाच्याही आधी. मग जानेवारीत सव्वासहा, फेब्रुवारीत साडेसहाला टेकतो, मार्चपासून मोजणी संपेपर्यंत येतच नाही. दर वर्षी तसाच मागे-पुढे. बिघडलेला टायमर इतका शिस्तीत कसा चालेल?"

मी त्या रेघेकडे बघितलं. टायमर कसला. ती मी होते.

मी ज्या वर्षी कामाला लागले त्याच्या आदल्या वर्षी माझा नवरा गेला. मुलगा अनिल मुंबईला, कळंबोलीच्या पुढे कुठेतरी. नाते गावातलं घर सकाळी मी कुलूप लावून निघायचे ते पोचेपर्यंत साडेसात. सासूनं मला लग्न झाल्या दिवसापासून एकच गोष्ट शिकवली होती, दिवेलागणीला घरात अंधार नको. भांडण करा, उपाशी राहा, पण तिन्हीसांजेला दिवा लागला पाहिजे. आणि माझं घर रोज अंधारात. जीव तुटायचा. म्हणून मी आमच्या माशांच्या खोलीत दारावरचा पिवळा बल्ब लावायचे. बाहेर जाऊन डोंगराकडे बघायचे, दिवस टेकला की येऊन बटण दाबायचे आणि हात जोडायचे. घड्याळ बघून नव्हे. घड्याळाला काय कळतं?

माशांच्या टाक्यांना काळा पडदा होता, त्यांना त्रास नव्हता. आणि प्लायवूडच्या वरचे ते दोन हात? ते माझ्या डोक्यातच आलं नाही. मी त्या कोपऱ्यात मोजणीच्या वेळी कधी गेलेच नाही, दार उघडायला बंदी होती. तरी एकदा, अगदी सुरुवातीला, मी बाहेरून विचारलं होतं, "रतन, बल्ब लावलाय रे. चालतो ना तुला?"

आतून तो म्हणाला होता, "चालतो की."

मी तेजश्रीला त्या दिवशी काही बोलले नाही. हो, लपवलं. चौपन्न वर्षांची बाई, निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली, आणि नऊ वर्षांच्या प्रयोगाची माती मी केली हे कोणत्या तोंडानं सांगायचं? घरी गेले, पण त्या संध्याकाळी माझा हात बटणावर जाईना. अंधारातच बसले. श्रुतिकाचे पेढे डोळ्यांसमोर येत होते. तिला आता काय सांगणार, तुझा बाप खोटारडा होता? की तुझी मावशी अडाणी आहे? विचार करायला खरं तर काही नव्हतंच. अडाणीच बरी.

सकाळी अंडीबिंडी सोडून मी आधी तेजश्रीपुढे उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. सासू, दिवा, डोंगर, सगळं. ती तोंड उघडं टाकून ऐकत राहिली. मला वाटलं, ओरडेल. ओरडली नाही.

"पण मावशी," ती म्हणाली, "मग काकांनी ते चौदा कुठून आणले?"

"ते तू मला विचारतेस? फीत दाखव."

"बघितलीय ना मी. सुरुवातीपासून सहा पंचावन्नपर्यंत."

"आणि पुढे?"

"पुढचं मी कापलं. वहीत वेळ छापलेलीच आहे, साडेसहा. पुढे काय असणार?"

"लाव," मी म्हटलं.

तिनं डिसेंबरातली एक फीत लावली. आवाजासकट. उजेडात चोवीस पिल्लं गप्प बसलेली. मग माझाच आवाज आला, आठ वर्षांनी तरुण आणि तेवढाच खेकसणारा: "काय रे रतन, झालं नाय का अजून? किती मंद हाईस!" आणि त्याचा आवाज, अगदी जवळून, "तू हो पुढं मैनाबाय. मी प्लेट आवरून निघतो." त्याचा आवाज ऐकून मी खुर्चीचा दांडा धरला. दोन वर्षं ऐकला नव्हता. विसरेन असं वाटत होतं, एक अक्षर विसरले नव्हते.

दार लागल्याचा आवाज. माझ्या चपलांचा आवाज लांब गेला. मग तो उठला, बाहेर आला, आणि बटण खट् झालं. प्लेटवर अंधार. घड्याळ सहा पंचावन्न.

दहा मिनिटं काही नाही. नुसता त्याचा खोकला. बरोबर दहा मिनिटांनी टिकटिक सुरू झाली.

तेजश्रीनं घाईघाईनं यंत्राला तेवढा तुकडा दिला. पिल्लांमागे रंगीत रेघा सुसाट निघाल्या. ती वही उघडून एकेक आकडा वाचायला लागली. वहीत चौदा, यंत्राचे चौदा. वहीत अकरा, यंत्राचे अकरा. वहीत सतरा, यंत्राचे सोळा. मी म्हटलं, "तिथे यंत्राची पापणी लवली असेल." ती हसली आणि नाक पुसलं. मग दिवसभर आम्ही एकामागून एक फीत लावत गेलो. सगळीकडे तेच. मी जायची वाट बघायची, बल्ब बंद करायचा, दहा मिनिटं थांबायचं, मोजायचं. साडेसातला मोजणी संपायची आणि सातची एसटी केव्हाच गेलेली असायची.

आणि एक गोष्ट प्रत्येक फितीच्या शेवटी. कॅमेरा बंद करायच्या आधी तो बाहेर जायचा आणि बटण पुन्हा खट् व्हायचं. मी लावलेला दिवा तो पुन्हा लावून ठेवायचा.

"वेळ का नाही लिहिली त्यांनी?" तेजश्रीनं विचारलं. "एवढं सांगितलं असतं तर..."

"तर विभागाच्या मोठ्या सरांनी विचारलं असतं, का उशीर? आणि माझा बल्ब बंद झाला असता." नऊ वर्षं मी त्या माणसाला मंद म्हणत होते.

तेजश्रीनं ठरवलं, लेखात खरं ते लिहायचं. मोजणी खरी, थंडीतली वेळ वेगळी, कारण उजेड. नाव राहणार, पहिलंच राहणार. कारणाच्या जागी मी तिला माझं नाव घालायला सांगितलं. ती म्हणाली, असं लिहीत नाहीत मावशी. मी म्हटलं, मग तुमची पद्धत चुकीची आहे.

पण एक माणूस राहिलं होतं. रविवारी मी पोलादपूरची गाडी पकडली. रतनची बायको साळूबाई अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती, शेजारी श्रुतिका पुस्तक घेऊन. मी पण दोन मुठी शेंगा पुढ्यात घेतल्या, कारण हात रिकामे असले की मला बोलता येत नाही.

"वयनी," मी म्हटलं, "रतन संध्याकाळी उशिरा यायचा, ते माझ्यामुळं. मला ठाऊक नव्हतं." आणि परत पहिल्यापासून सगळं सांगितलं. दिवा, अंधार, फिती, सव्वाआठची गाडी. साळूबाई शेंगा सोलत ऐकत होती. तिचा हात एकदाही थांबला नाही.

"भांडण झालं असंल तुमचं त्याच्यावरनं," मी शेवटी म्हटलं.

"झालं ना. पयल्या आठवड्यात झालं. मग त्यानं सांगितलं."

"काय सांगितलं?"

"का मैनाबाय दिवा लावते नि तिला नको म्हणायला जीभ रेटत नाय. मी म्हटलं, नको म्हणू नको. आपल्यात नसलं तरी तिच्यात हाय. घरात कोण नाय तिच्या. लावू दे. तू ये सव्वाआठच्या गाडीनं."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. "तुम्हाला माहीत होतं? नऊ वर्षं? इतक्यांदा भेटलो आपण, लग्नाकार्याला, बाजारात. एकदा तरी सांगायचं मला!"

साळूबाईनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "सांगितलं असतं तर लावला असतास?"

डोळ्यांना पदर लावला, तर वालाचा वास डोळ्यांत गेला आणि आणखीच पाणी आलं. श्रुतिका पुस्तकात तोंड घालून बसली होती, पान काही उलटत नव्हती.

"छापणार ना त्याचं नाव?" साळूबाईनं विचारलं.

"छापणार. सगळ्यात वर."

"मग माझं पण छापा म्हणावं. भात दोनदा गरम मी केलाय."

श्रुतिकाला हसू आवरेना. "आई, असं छापत नाहीत!" पण मी तोवर फोन काढला होता. तेजश्रीनं उचलला. मी म्हटलं, "आणखी एक नाव घाल. साळूबाई. रतनची बायको." ती गोंधळली. म्हणाली, "घालीन मावशी, शेवटी आभार असतात त्यात घालीन. पण त्यांनी काय केलं म्हणून लिहू?"

मी फोन साळूबाईपुढे धरला. तिनं हात लुगड्याला पुसले, फोन कानाला लावला आणि पलीकडे ऐकू जाणार नाही अशा भीतीनं मोठ्यानं म्हणाली, "लिव गो बाय, हिनं वाट बघितली."